ऑक्सिजन संवेदक, मोटारसायकलीचा

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या निष्कास वायूंत (जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत) उरलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण विद्युत् दाबाच्या वा प्रवाहाच्या रूपात दर्शविणारे साधन. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतर मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा होऊन इंधन-अंतःक्षेपण पद्धती आली आणि तिच्याबरोबर हा संवेदकही सर्वत्र आढळू लागला. फेरफार केलेल्या एंजिनाचे इंधन-हवा प्रमाण जुळविताना याच साधनाचा आधार घेतला जातो. मात्र ते इंधन मोजीत नाही, फक्त उरलेला ऑक्सिजन मोजते. वाचनांतील बहुतेक गोंधळ हा भेद विसरल्यामुळे होतो [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

तत्त्व व प्रकार : संवेदकात यिट्रिया मिसळून स्थिर केलेल्या झिर्कोनियाचे मृत्तिका-घटक असतात. सु. ३५०° से.च्या वर तापल्यावर त्यांतून ऑक्सिजनाचे आयन वाहू शकतात. एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस निष्कास वायू असल्यामुळे दोन्हींतील ऑक्सिजनाच्या फरकानुसार विद्युत् दाब निर्माण होतो. साध्या (अरुंद पट्ट्याच्या) संवेदकात मिश्रण समृद्ध (इंधन जास्त) असता तो ०·८ ते ०·९ व्होल्ट व विरल (हवा जास्त) असता सु. ०·१ व्होल्ट असतो. असा संवेदक मिश्रण कोणत्या बाजूस झुकले आहे एवढेच सांगतो. किती झुकले आहे, हे रुंद पट्ट्याचा संवेदक सांगतो. त्यात ऑक्सिजन आतबाहेर ढकलण्यास लागणारा प्रवाह मोजतात. प्रत्यक्ष हवा व पूर्ण ज्वलनास लागणारी हवा यांच्या गुणोत्तरास लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे नेमके मिश्रण होय. पूर्ण शक्तीसाठी ते सामान्यतः ०·८६ ते ०·९० च्या आसपास ठेवतात.

खोटे विरल वाचन : हा सर्वांत नेहमीचा दोष आहे. सिलिंडर-शीर्ष व निष्कास नळी यांमधील गॅस्केट फुटले असेल, तर वायूंच्या स्पंदांमधील कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. मंदगतीस हा दोष जास्त दिसतो व वेग वाढल्यावर कमी होतो. आखूड किंवा उघडा सायलेन्सर बसविल्यास नळीच्या टोकाकडूनही हवा उलट येते. एका सिलिंडरच्या एंजिनात स्पंदांमधील अंतर मोठे असल्याने हा परिणाम विशेष जाणवतो. झडपा दीर्घकाळ एकत्र उघड्या ठेवणारा कॅम बसविला असता ताजे मिश्रण न जळताच निसटते. अनेक गाड्यांत प्रदूषण घटविण्यासाठी निष्कासात मुद्दाम हवा सोडणारी झडप असते. चाचणीपुरती ती बंद केली नाही, तर वाचन निरुपयोगी ठरते. द्विधाव एंजिनात पुष्कळसे ताजे मिश्रण न जळता बाहेर पडते व त्याबरोबर तेलही येते, म्हणून तेथे या साधनावर विसंबता येत नाही.

ठिणगी चुकल्यास सिलिंडरातील सर्व ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो. अतिसमृद्ध मिश्रणाने ठिणगी चुकत असली, तरी संवेदक ‘विरल’ असेच सांगतो. अशा वेळी इंधन वाढविल्यास सिलिंडरावरील तेलाचा थर धुतला जातो आणि न जळलेले इंधन उत्प्रेरकात जळून तो अतितप्त होतो. खरे काय, हे ओळखण्यासाठी इंधन किंचित वाढवून पाहतात. मिश्रण खरोखर विरल असेल, तर एंजिन सुधारते व वाचनही समृद्धीकडे सरकते. वाचन तसेच राहून एंजिन अडखळू लागले व धूर आला, तर दोष अन्यत्र असतो. मात्र खऱ्या विरल मिश्रणाकडे दुर्लक्ष झाले, तर पूर्ण भाराखाली निष्कास झडप जळते किंवा दट्ट्याचे डोके वितळते.

नियंत्रकाची मर्यादा : स्थिर वेगात इलेक्ट्रॉनीय नियंत्रक संवेदकाच्या साहाय्याने इंधन आपोआप दुरुस्त करतो. त्यामुळे सायलेन्सर बदलल्याचा परिणाम तेथे झाकला जातो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर साधारणपणे ही दुरुस्ती थांबते व मिश्रण विरल होऊ शकते. म्हणून जुळणी पूर्ण भाराखालीही तपासावी लागते.

स्थानिक परिस्थिती : सातारा-सांगली भागात आणखी दोन बाबी वाचनावर परिणाम करतात. पहिली उंचीची. सांगली समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी., तर महाबळेश्वर सु. १,३७० मी. उंचीवर आहे. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी व पुढे महाबळेश्वर गाठेपर्यंत हवा विरळ होत जाते. सांगलीच्या मानाने महाबळेश्वरी वायुदाब सु. ९ टक्क्यांनी कमी असतो. सांगलीत नेमका जुळविलेला कार्ब्युरेटर त्यामुळे वर सु. ४ ते ५ टक्के समृद्ध मिश्रण देतो. हा संवेदकाचा दोष नव्हे. हवेचा दाब मोजणारा संवेदक असलेले अंतःक्षेपण हा फरक भरून काढते. केवळ थ्रॉटलच्या कोनावर चालणारी व वायुदाबाची दुरुस्ती नसलेली जुळणी तो भरून काढत नाही.

दुसरी बाब इंधनाची. कृष्णाकाठच्या उसाच्या मळीपासून व रसापासून कारखान्यांच्या आसवन्यांत बनणारे एथेनॉल पेट्रोलात मिसळले जाते. देशात हे मिश्रण २०२२ मध्ये सु. १० टक्के व २०२५ मध्ये सु. २० टक्के झाले. पूर्ण ज्वलनासाठी १ किग्रॅ. शुद्ध पेट्रोलास सु. १४·७ किग्रॅ., एथेनॉलास सु. ९ किग्रॅ. आणि २० टक्के मिश्रणास सु. १३·५ किग्रॅ. हवा लागते. शुद्ध पेट्रोलावर जुळविलेला कार्ब्युरेटर या इंधनावर ७ ते ८ टक्के विरल होतो. हे विरल वाचन खरे असते. पण बहुतेक दर्शक लॅम्डाला १४·७ ने गुणून आकडा दाखवितात. त्यामुळे नेमक्या मिश्रणासाठी दर्शकावर १३·५ आणू पाहणारा प्रत्यक्षात लॅम्डा ०·९२ म्हणजे समृद्ध मिश्रण करून बसतो. वाचन लॅम्डात घेतल्यास हा घोटाळा टळतो.

तपासणीचा क्रम : प्रथम संवेदकाचा तापक चालतो का, हे पाहतात. मग रुंद पट्ट्याचा संवेदक काढून मोकळ्या हवेत धरतात. तेथे सु. २०·९ टक्के ऑक्सिजन दिसला पाहिजे. दर्शकावरील व संगणकात नोंदलेला आकडा यांत कायम सारखाच फरक असेल, तर बहुधा भूसंपर्काच्या तारेत दोष असतो. त्यानंतर नळीचे सांधे, हवेची झडप, स्पार्क प्लग व शेवटी इंधन तपासतात. सिलिकोनयुक्त सांधलेप, तेल व शिसे यांनी संवेदक निकामी होतो. पावसाळ्यात थंड नळीत साचलेले पाणी तापलेल्या घटकावर उडाल्यास तो तडकतो. म्हणून संवेदक नळीच्या वरच्या बाजूस, आडव्या पातळीपासून किमान १०° वर कलता बसवितात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. चाचणीसाठी बंद केलेली प्रदूषण-नियंत्रक साधने रस्त्यावर येण्यापूर्वी पूर्ववत् करणे आवश्यक असते.