कार्यालयीन इंटरनेट दूरध्वनी

बोलण्याच्या आवाजाचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते संकेत संगणकांच्या जालातून व इंटरनेटमधून पाठविणाऱ्या, मेजावर ठेवावयाच्या दूरध्वनी उपकरणास इंटरनेट दूरध्वनी म्हणतात. व्यापारी कचेऱ्या, कारखाने, रुग्णालये, हॉटेले व शिक्षणसंस्था यांत त्याचा वापर होतो. बाह्यतः हे उपकरण नेहमीच्या दूरध्वनीसारखेच असते. त्याला रिसीव्हर, अंकांच्या कळा व बहुधा एक लहान पडदा असतो. कार्याच्या दृष्टीने मात्र तो एक लहान संगणकच होय. जुन्या पद्धतीत उपकरणाला लागणारी वीज, आवाजासाठी राखून ठेवलेला मार्ग, दूरध्वनीच्या जागेची नोंद आणि गैरवापरापासून संरक्षण या गोष्टी मुख्यत्वे दूरध्वनी केंद्राकडे असत व ग्राहकाला त्यांची जाणीवही नसे. नव्या पद्धतीत त्यांपैकी बराच भार उपकरण बसविणाऱ्या संस्थेवर पडतो. त्यामुळे अशा दूरध्वनीची उभारणी म्हणजे केवळ तार जोडणे नव्हे, तर या चारही बाबींची व्यवस्था लावणे होय.

तत्त्व : जुन्या पद्धतीत संभाषण चालू असेपर्यंत दोन व्यक्तींमध्ये एक मार्ग राखून ठेवण्यात येई. दोघेही गप्प असले, तरी तो मार्ग दुसऱ्या कोणास मिळत नसे. इंटरनेट पद्धतीत असा राखीव मार्ग नसतो. आवाजाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा पत्ता घातलेल्या स्वतंत्र पुडक्यातून पाठवितात. ही पुडकी इतर संगणकांच्या पुडक्यांबरोबरच एका मार्गावरून जातात आणि दुसऱ्या टोकास क्रमवार लावून त्यांतून पुन्हा आवाज निर्माण करतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या ‘जी.७११’ या १९७२ च्या मानकानुसार आवाजाच्या तरंगाचे दर सेकंदास ८,००० वेळा मापन करतात व प्रत्येक मापन ८ बिटांत मांडतात. म्हणजे दर सेकंदास ६४,००० बिट निर्माण होतात. सामान्यतः २० मिलिसेकंदांचा आवाज एका पुडक्यात भरतात. त्यात आवाजाचे १६० बाइट आणि पत्ता, क्रमांक, वेळ इत्यादींचे ४० बाइट असतात. अशी ५० पुडकी दर सेकंदास पाठवावी लागत असल्याने प्रत्यक्षात ८० किलोबिट व इमारतीतील ईथरनेट जालाची वेष्टने धरल्यास सु. ८७ किलोबिट इतका वेग एका दिशेस लागतो. ‘जी.७२९’ या मानकात आवाज ८ किलोबिटांत आवळून बसवितात. परंतु तेथे २० बाइट आवाजाला ४० बाइटांचे वेष्टन लागते, म्हणजे मालापेक्षा वेष्टनच जड होते. म्हणून आठपट आवळल्याने मार्गावरील भार आठपट कमी होत नाही. याउलट ‘जी.७२२’ या मानकात ७,००० हर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रतांचा आवाज पोहोचतो. जुन्या दूरध्वनीची मर्यादा सु. ३,४०० हर्ट्‌झ असल्यामुळे ‘स’ व ‘फ’ यांसारखी व्यंजने त्यावर एकमेकांत मिसळत. नव्या मानकात ती स्पष्ट ऐकू येतात.

संभाषण जुळविणे आणि आवाज वाहून नेणे ही दोन कामे वेगवेगळ्या संकेतप्रणालींकडे असतात. पहिले काम बहुधा ‘एसआयपी’ ही संकेतप्रणाली करते : कोणाला बोलावयाचे आहे, तो कोठे आहे, घंटा वाजली की नाही, रिसीव्हर उचलला की ठेवला, हे संदेश ती पोहोचविते. दुसरे काम ‘आरटीपी’ ही प्रणाली करते. ही दोन कामे स्वतंत्र असल्यामुळेच कधी कधी घंटा व्यवस्थित वाजते, परंतु आवाज येत नाही.

इतिहास : संदेशांची पुडकी करून पाठविण्याची कल्पना १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडमध्ये डॉनल्ड डेव्हिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. १९७४ मध्ये अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जालावरून बोलण्याचा आवाज पाठविण्याचे प्रयोग झाले. १९९५ मध्ये व्होकलटेक या इझ्राएली कंपनीने संगणकावरून संगणकाशी बोलण्याची प्रणाली बाजारात आणली. १९९६ मध्ये ‘एच.३२३’ व ‘आरटीपी’ आणि १९९९ मध्ये ‘एसआयपी’ ही मानके प्रसिद्ध झाली. यांपैकी शेवटच्या मानकाची सुधारित आवृत्ती २००२ मध्ये निघाली. १९९९ मध्येच मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यामुळे साध्या संगणकावर कार्यालयाचे खाजगी दूरध्वनी केंद्र उभारणे लहान संस्थांनाही शक्य झाले.

उभारणी : प्रथम केंद्र कोठे ठेवावयाचे हे ठरवावे लागते. संस्था आपल्याच इमारतीत केंद्र-संगणक ठेवू शकते किंवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दूरस्थ केंद्राशी आपले दूरध्वनी जोडू शकते. पहिल्या पद्धतीत इंटरनेट बंद पडले, तरी इमारतीतील एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलता येते. परंतु केंद्राच्या देखभालीसाठी जाणकार माणूस लागतो. दुसऱ्या पद्धतीत देखभाल वाचते. मात्र शेजारच्या मेजावरील व्यक्तीशी बोलण्यासाठीही बाहेरची जोडणी चालू असावी लागते.

त्यानंतर एकाच वेळी किती संभाषणे बाहेर जातील याचा अंदाज घेतात. यासाठी डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र आजही उपयोगी पडते. समजा, एका कार्यालयात २० दूरध्वनी आहेत आणि सर्वांत गर्दीच्या तासात प्रत्येकावरून सरासरी ६ मिनिटे बाहेर बोलणे होते. तेव्हा एकूण भार १२० मिनिटे, म्हणजे २ एर्लांग होतो. या भारास ५ मार्ग ठेवल्यास सु. ३·७ टक्के, ६ ठेवल्यास सु. १·२ टक्के व ७ ठेवल्यास सु. ०·३ टक्के वेळा मार्ग मोकळा मिळणार नाही. वीस दूरध्वनींना वीस मार्ग लागत नाहीत, हे यावरून दिसते. जी.७११ मानकानुसार ७ संभाषणांना प्रत्येक दिशेस सु. ६१० किलोबिट वेग पुरतो. आजच्या जोडण्यांच्या मानाने हा वेग अल्प आहे. अडचण येते ती वेगाच्या अभावी नव्हे, तर त्याच मार्गावरून कोणी मोठी फाइल पाठवू लागला म्हणजे आवाजाची पुडकी तिच्यामागे अडकून पडतात म्हणून.

हे टाळण्यासाठी आवाजाच्या पुडक्यांना अग्रक्रम देतात. एकाच तारेवर दूरध्वनींसाठी वेगळे आभासी जाल आखतात आणि पुडक्यांवर अग्रक्रमाची खूण ठेवतात. इमारतीतील स्विच व राउटर या खुणेचा मान राखतील अशी योजना करावी लागते. बाहेरच्या इंटरनेटवर मात्र तिचा मान राखला जाईलच असे नाही.

दूरध्वनी जालाला जोडल्यावर त्याला पत्ता आणि आपल्या केंद्राचे ठिकाण मिळावे लागते. थोडे दूरध्वनी असल्यास ही माहिती हाताने भरतात. अनेक असल्यास ती एका संगणकावर ठेवतात व प्रत्येक दूरध्वनी चालू होताच ती आपोआप उचलतो. मग तो आपला अंतर्गत क्रमांक व सांकेतिक शब्द देऊन केंद्राकडे नोंदणी करतो आणि ठरावीक काळाने ती नोंदणी ताजी करीत राहतो. उभारणीत वारंवार आढळणारा दोष म्हणजे एका बाजूचाच आवाज ऐकू येणे. कार्यालयातील उपकरणांचे पत्ते केवळ इमारतीपुरते असतात आणि राउटर ते बाहेर जाताना बदलतो. संदेशाच्या आत मात्र जुना पत्ताच राहिला, तर समोरच्याचा आवाज त्या पत्त्यावर पाठविला जातो व वाटेत हरवतो. यावर सीमेवर मध्यस्थ उपकरण ठेवणे किंवा दूरध्वनीला आपला बाहेरचा पत्ता कळेल अशी सोय करणे हे उपाय आहेत. काही राउटर संदेशातील पत्ते आपणहून दुरुस्त करू पाहतात व त्यामुळेच दोष वाढतो. अशा वेळी राउटरमधील ती सोय बंद करावी लागते.

आवाजाचा दर्जा : बोललेला शब्द दुसऱ्या टोकास पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर बहुतेक संभाषणांत विलंब जाणवत नाही. विलंब याहून बराच वाढला, तर दोघे एकदमच बोलू लागतात व पुन्हा एकदमच थांबतात. पुडकी कमीअधिक अंतराने पोहोचत असल्यामुळे ग्राही दूरध्वनी ती काही मिलिसेकंद साठवून मग सारख्या गतीने वाजवितो. हा साठा लहान ठेवल्यास आवाज तुटतो व मोठा ठेवल्यास विलंब वाढतो. हरवलेले पुडके परत मागवीत नाहीत, कारण ते येईपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते. त्याची पोकळी आधीच्या आवाजावरून अंदाजाने भरतात.

वीजपुरवठा : जुन्या दूरध्वनीला केंद्रातील घटमालेपासून, तांब्याच्या तारेतूनच, सु. ४८ व्होल्ट दाबाची वीज मिळे. त्यामुळे गावातील दिवे गेले, तरी दूरध्वनी चालू राही. इंटरनेट दूरध्वनीच्या बाबतीत २००३ च्या एका मानकाने जालाच्या तारेतूनच वीज देण्याची सोय झाली. या मानकानुसार स्विच एका उपकरणासाठी १५·४ वॉटपर्यंत शक्ती देऊ शकतो व तारेतील घट वजा जाता १२·९५ वॉट उपकरणास मिळण्याची हमी असते. यातील दाबही ४८ व्होल्टच्या आसपासचाच आहे. फरक इतकाच की, घटमाला आता दूरध्वनी केंद्राची नसून ग्राहकाची असते. ‘यूपीएस’ ला केवळ स्विच जोडून भागत नाही; राउटर आणि प्रकाशीय तंतूच्या टोकाचे उपकरणही त्यास जोडावे लागते. यांपैकी एक जरी राहिले, तरी दूरध्वनीच्या पडद्यावर उजेड दिसतो, पण बाहेर बोलता येत नाही.

आपत्कालीन सेवा : खाजगी केंद्राच्या मांडणीतील लहानशी उणीवही प्राणावर बेतू शकते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील मार्शल येथे एका हॉटेलच्या खोलीत कॅरी हंट या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा साहाय्यक्रमांक चार वेळा फिरविला; परंतु बाहेरची जोडणी मिळण्यासाठी आधी ९ फिरवावा लागतो, हे तिला ठाऊक नसल्याने एकदाही क्रमांक लागला नाही. हंट यांचा मृत्यू झाला. मुलीने शाळेत किंवा घरी शिकविल्याप्रमाणेच केले होते. दोष केंद्राच्या मांडणीत होता. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०१८ मध्ये संमत झाला. त्यानुसार १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविलेल्या बहुमार्गी केंद्रांतून ९११ हा क्रमांक कोणताही उपसर्ग न लावता लागला पाहिजे व तो लावल्याची सूचना संबंधितांस मिळाली पाहिजे.

इंटरनेट दूरध्वनीने या प्रश्नात जागेची भर घातली. जुन्या तारेचे टोक ठरलेल्या इमारतीत असे. हा दूरध्वनी मात्र एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरातील जालाला लावला, तरी तांत्रिक दृष्ट्या तोच क्रमांक घेऊन चालू होऊ शकतो आणि केंद्रातील नोंद जुन्याच पत्त्याची राहते. म्हणून दूरध्वनीची जागा बदलताच नोंद बदलणे हा उभारणीचाच भाग मानला पाहिजे. भारतात अनेक कार्यालयांत बाहेरच्या जोडणीसाठी शून्य फिरविण्याची प्रथा आहे. तेथे ११२ हा साहाय्यक्रमांक शून्य लावून व न लावता, दोन्ही प्रकारे लागेल अशी योजना करणे आणि मजला व खोली यांची माहिती दूरध्वनीवर लिहून ठेवणे हितावह ठरते.

सुरक्षितता : इंटरनेटला जोडलेले केंद्र सोपा सांकेतिक शब्द ठेवल्यास परक्याच्या हाती जाऊ शकते. असे लोक रात्री किंवा सुटीच्या दिवशी परदेशांतील महागड्या क्रमांकांवर शेकडो संभाषणे लावतात व त्यांचे देयक संस्थेच्या नावे येते. कारखान्यातून आलेला मूळ सांकेतिक शब्द बदलणे, गरज नसलेल्या परदेशी क्रमांकांची वाट बंद ठेवणे, दैनिक खर्चाची मर्यादा घालणे व केंद्र उघड्या इंटरनेटवर न ठेवणे हे यावरील उपाय होत. संभाषण चोरून ऐकले जाऊ नये म्हणून जुळणीचे संदेश व आवाज ही दोन्ही गूढसंकेतांत पाठविता येतात. केवळ संदेशच गूढ केले, तर आवाज उघडाच राहतो.

भारतातील स्थिती : भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. परंतु इंटरनेट सेवा कंपन्यांना देशातील नेहमीच्या दूरध्वनींशी ही संभाषणे जोडण्याची मुभा नव्हती. २०१८ मध्ये परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांना अशी जोडणी देण्याचा मार्ग मोकळा झाला. ग्राहकसेवा केंद्रांवरील बंधने नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्ये बरीच शिथिल करण्यात आली. तथापि बाहेरच्या क्रमांकांसाठीची जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते. परदेशातून इंटरनेटने आलेली संभाषणे परवान्याशिवाय स्थानिक क्रमांकांवर उतरविणे हा गुन्हा आहे.

जुन्या तांब्याच्या जालांचा काळ अनेक देशांत संपत आला आहे. ब्रिटनमध्ये ते जाल बंद करण्याची मुदत प्रथम डिसेंबर २०२५ ठरली होती. घरातील साहाय्यघंटा त्या तारांवर अवलंबून असलेल्या वृद्ध व आजारी व्यक्तींच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आल्याने ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. कार्यालयात नवे दूरध्वनी बसविल्यानंतरही तीच काळजी घ्यावी लागते. मुख्य वीज बंद करून दूरध्वनी किती वेळ चालतात ते पाहणे, इंटरनेट तोडल्यावर बाहेरून येणारी संभाषणे ठरविलेल्या भ्रमणध्वनीकडे वळतात की नाही हे तपासणे आणि संबंधितांना पूर्वसूचना देऊन साहाय्यक्रमांकाची चाचणी घेणे, या तीन परीक्षांनंतरच उभारणी पूर्ण झाली असे समजतात.