लव्हक्राफ्ट : वाचकांनी जागता ठेवलेला लेखक

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट १९३७ साली, वयाच्या ४६व्या वर्षी वारला, तेव्हा त्याची जेमतेम एक कथा पुस्तकरूपाने बाजारात आली होती. बाकीचे लेखन ‘विअर्ड टेल्स’सारख्या स्वस्त मासिकांत विखुरलेले. अशी मासिके रद्दीत जातात आणि त्यांतले लेखकही विस्मरणात जातात. लव्हक्राफ्ट टिकला, याचे श्रेय बव्हंशी त्याच्या वाचकांचे आहे.

ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्राय या पत्रमित्रांनी त्याच्या कथा जपण्यासाठी १९३९मध्ये ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. मात्र या निष्ठेचे मूळ त्याच्या लेखनपद्धतीतच सापडते. समुद्रतळी निजलेला क्थुल्हू, ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा कधीच अस्तित्वात नसलेला ग्रंथ, ही आपली निर्मिती त्याने मित्रांना खुशाल वापरू दिली आणि त्यांच्या कल्पना स्वतःच्या कथांत घेतल्या. त्याच्या कल्पनासृष्टीचे दार असे उघडेच राहिले. १९८१मध्ये ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ निघाला आणि वाचक स्वतःच कथेत शिरले.

त्याच दारातून टीकाकारही आले. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या पत्रांत आणि कथांतही उघड दिसतो. ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराचे स्मृतिचिन्ह म्हणून दिला जाणारा त्याचा अर्धपुतळा बंद करण्याचा निर्णय २०१५मध्ये झाला. पुढच्याच वर्षी व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने त्याची ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ ही कथा कृष्णवर्णीय नायकाच्या बाजूने नव्याने मांडली.

या अफाट विश्वाला माणसाची दखलही नाही, ही लव्हक्राफ्टची मूळ भीती. ती कोणत्याही वंशाच्या माणसाला आपली वाटू शकते. ज्यांना त्याने तुच्छ लेखले, त्यांचे वारसही आज ती लिहितात, म्हणूनच त्याचे वाचन अजून संपलेले नाही.