डेटाला घाला टाका!

दिवसभर एक्सेलचे रकाने आणि घरी गेल्यावर सुई-दोरा. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध? म्युनिकजवळच्या एका नोकरदार बाईंनी तो २०१८मध्ये विणूनच दाखवला. ट्रेनला पाच मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर करडी लोकर, अर्ध्या तासापर्यंत रखडली तर गुलाबी, त्याहून जास्त किंवा जाता-येता दोन्ही वेळा लेट झाली तर लाल. रोज दोन ओळी. वर्षभराचा हा ‘लेटमार्क’ स्कार्फ जानेवारी २०१९मध्ये ईबेवर तब्बल ७,५५० युरोंना गेला. पैसे स्टेशनवर मदतकार्य करणाऱ्या संस्थेला मिळाले. आपल्या लोकलवाल्यांना लाल लोकर पुरायचीच नाही!

पण विणकाम, भरतकाम म्हटलं की आपल्याकडे ठरलेली कॉम्प्लिमेंट असते, ‘छान गं, वेळ बरा जातो!’ या कलेला करिअरच्या नकाशावर जागा आहे का? आहे. एक सोडून तीन.

सायन्स : इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञ एली हायवूड यांनी २०१७मध्ये पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचं क्रोशाचं ब्लँकेट विणलं. तिथल्याच एड हॉकिन्स यांनी २०१८मध्ये केलेले निळ्या-लाल पट्ट्यांचे ‘वॉर्मिंग स्ट्राइप्स’ पुढे फुटबॉल क्लबच्या जर्सीवरही झळकले. आकडे सामान्यांपर्यंत पोचवणं, हे इथलं काम.

डिझाइन : जॉर्जिया लुपी ही डेटा डिझायनर. २०१९मध्ये तिने ‘अँड अदर स्टोरीज’ या ब्रँडसाठी एडा लव्हलेस, रेचल कार्सन आणि मे जेमिसन यांच्या कर्तृत्वाचा डेटा कपड्यांवरच्या नक्षीत उतरवला. त्याच वर्षी पेंटाग्राम या नामांकित डिझाइन फर्ममध्ये ती पार्टनर झाली.

गॅलरी : मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५मध्ये क्रोशाने प्रवाळ विणायला घेतले. त्यामागे गणितातली हायपरबोलिक भूमिती आहे. २०१९मध्ये हे प्रवाळ थेट व्हेनिस बिनालेत पोचले.

मग सुरुवात कुठून?

• डेटा स्वतःचा किंवा सर्वांसाठी खुला असलेला घ्या. झोपेचे तास, शहराचं तापमान, पाऊस काहीही चालेल. ऑफिसच्या फायलींना मात्र हात नको!

• कुठला रंग म्हणजे काय, याची सूची कामासोबत लावाच. ती नसेल तर उरतात नुसते पट्टे.

• पोर्टफोलिओत फक्त फोटो नकोत. डेटा कुठला, नियम कोणता, तो का निवडला, हेही लिहा. ‘हौस’ आणि ‘डिझाइन’ यांतला फरक क्लायंटला तिथेच दिसतो.

• तासांची नोंद ठेवा. नाहीतर मिळतील ते फक्त दोऱ्याचे पैसे. आकडेमोड, आराखडा, उसवणं, पुन्हा घालणं, सगळं बिलात यायला हवं.

शेवटी, तुमचे तास हाही डेटाच आहे. पुढच्या वेळी कुणी ‘वेळ बरा जातो ना?’ विचारलं, तर गोड हसा आणि कोटेशन पुढे करा!