शायिस्तेखानाची बोटं आणि कात्रजचं पाणी

चौथीच्या ‘परिसर अभ्यास’ भाग २ मध्ये शिवकाळ आहे आणि त्यातल्या काही गोष्टी पुण्यात पायी फिरून शिकवता येतात! मुलांना लाल महालात नक्की न्या. १६६३ च्या एप्रिलमधला छापा, शायिस्तेखानाची तुटलेली बोटं, सगळं रंगवून सांगा. मग विचारा, हाच तो वाडा का? नाही. आजची वास्तू महापालिकेने अलीकडे उभारलेली आहे. मूळ वाडा कधीच गेला. ‘मग आपल्याला कसं कळलं?’ हा प्रश्न मुलांकडूनच येतो, आणि बखरी-पत्रांचा विषय आपसूक निघतो.

माझा सर्वांत आवडता धडा मात्र पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून भुयारी नळांतून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. वाटेत हवा बाहेर पडायला उच्छ्वास बांधले होते. वर्गात पाइपचा तुकडा आणि दोन बादल्या घेऊन हे करून दाखवा. इतिहास, भूगोल, विज्ञान एकाच तासात. (फरशी भिजणार, हे धरून चाला.)

गृहपाठ? आजी-आजोबांना १२ जुलै १९६१ बद्दल विचारायचं. पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं, घरातलं काय वाहून गेलं, रात्री कुठे झोपलात? दोन घरांची उत्तरं जुळली नाहीत तर उत्तमच, दोन्ही फळ्यावर लिहा. घरात त्या काळचं कोणी नसेल, तर शेजारच्या वाड्यात किंवा सोसायटीत नक्की सापडेल.