प्राणिगृहातील शिस्त आणि आपला गोठा

प्रयोगशाळेत उंदीर, ससे व गिनीपिग कसे ठेवतात, याच्याशी नाकाडोंगरीच्या धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल. संबंध आहे, आणि तो मला एका बैलाचे मोल देऊन कळला, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

तीन वर्षांपूर्वी ऐन रोवणीच्या दिवसांत माझ्या एका बैलास रात्री पोटफुगी झाली. गोड्या तेलात थोडे टर्पेंटाइन घालून ते पाजण्याचा आमच्या घरचा जुना उपाय. वीज गेलेली, बाहेर पाऊस. गड्याने बॅटरी धरली व मी फळीवरून बाटली काढून बैलास पाजली. ती तेलाची नव्हती. धानावरील किडीसाठी आणलेले औषध उरले, तेव्हा ते एका रिकाम्या बाटलीत ओतून त्याच फळीवर ठेवले होते. टर्पेंटाइनचा वास हातालाच येत होता, म्हणून दुसरा वास कळला नाही. पहाटेपूर्वी बैल गेला. ती बाटली भरून ठेवणारा गडी नव्हता, मीच होतो. ज्याने उभी नोकरी महसूल खात्यात कागद जागच्या जागी ठेवण्यात घालविली, त्याच्याच गोठ्यात विष आणि औषध एका फळीवर, चिठ्ठीवाचून उभे होते.

पुढे दिवाळीस माझा पुतण्या घरी आला. तो एका औषधी संशोधनशाळेच्या प्राणिगृहात काम करतो. हकीकत ऐकून तो एवढेच म्हणाला, ‘काका, आमच्याकडे अशी बाटली फळीवर राहूच शकत नाही.’ राहू का शकत नाही, हे मी त्यास दोन दिवस खोदून खोदून विचारले. त्याचे सार पुढे देत आहे.

या पद्धतीचा उगम जपानातील कारखान्यांत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा या मोटार कंपनीने घडविलेल्या कार्यरीतीत आहे. तिची पाच अंगे आहेत. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणे. सेइतोन म्हणजे हवे त्यास ठरलेली जागा देणे. सेइसो म्हणजे स्वच्छता, व ती करता करता बिघाड हेरणे. सेइकेत्सु म्हणजे हे सर्व सर्वांसाठी एकाच रीतीने बांधून देणे. आणि शित्सुके म्हणजे ती रीत अंगवळणी पाडणे. यांस दृश्य खुणांची जोड असते. काय ठीक आहे आणि काय बिघडले आहे, हे कोणास न विचारता नुसत्या नजरेने कळावे, हा या खुणांचा हेतू.

हे ऐकून मला आपले अभिलेखागार आठवले. आपल्याकडे कागदाचे वर्ग आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. मुदत भरलेला कागद नियमाप्रमाणे नष्ट करावा लागतो, नाही तर त्याच्या ढिगाखाली जपावयाचा फेरफार सापडत नाही. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या मांडणीत व कामाच्या रीतीत जी सुधारणा केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर गाजली. तेव्हा ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही.

आता प्राणिगृह पाहू. प्रत्येक पिंजऱ्यावर एक पत्रिका असते. प्राण्याची जात, नर की मादी, जन्मतारीख, प्रयोगाचा क्रमांक व जबाबदार संशोधकाचे नाव तीवर लिहिलेले असते. पत्रिकेचा रंग पाहून जननासाठी ठेवलेला प्राणी कोणता व प्रयोगातील कोणता, हे दुरूनच ओळखता येते. धुतलेले पिंजरे एका वाटेने आत येतात आणि मळलेले दुसऱ्या वाटेने बाहेर जातात. जमिनीवर रंगीत पट्टे ओढून या वाटा दाखविलेल्या असतात. खाद्याच्या पिंपावर वरची व खालची अशा दोन रेघा असतात. खाद्य खालच्या रेघेस आले की नवी मागणी गेलीच पाहिजे. आधी आलेले पोते आधी संपवावयाचे, नंतरचे त्याच्या मागे लावावयाचे. चिमटा, कात्री, झाडू यांच्या आकृती भिंतीवरील फळ्यावर काढलेल्या असतात. वस्तू जागेवर नसेल तर रिकामी आकृतीच ओरडून सांगते. वाफेने निर्जंतुक करावयाच्या सामानावर एक पट्टी चिकटवितात. वाफेची आच लागली म्हणजे तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. ज्या गठ्ठ्यावर रेघ नाही, तो वाफेतून निघालेला नाही, हे नवख्या नोकरासही कळते.

ही केवळ टापटिपीची हौस नव्हे. पिंजऱ्यातील भुसा वेळेवर बदलला नाही तर मूत्रातून अमोनिया सुटून प्राण्याचे श्वासमार्ग बिघडतात. दाटी झाली तर उंदीर एकमेकांस चावतात. अशा प्राण्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो, आणि प्रयोग पुन्हा करावयाचा म्हणजे पुन्हा तितक्याच जिवांचा बळी. १९५९ साली रसेल व बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्यास पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या यातना कमी कराव्यात. आपल्या देशातही १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा व १९९८ चे नियम यांनी अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली आहे. ज्या मुक्या जिवास आपण कोंडले, त्याचे हाल आपल्या गबाळेपणाने वाढू नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहेच.

त्या जिवांचे ऋण शेतकऱ्यावर थोडे नाही. गुरांच्या रोगांचा शोध घेणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली प्रथम आपल्या पुण्यातच निघाली व १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वरास गेली. तेथे १९२० च्या दशकात एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचे विष शेळ्यांच्या अंगातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केले व त्यातून लस सिद्ध झाली. ज्या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून ओसाड पडत, तो २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. बांधीत नाग किंवा मण्यार डसल्यावर जे औषध टोचतात, तेही घोड्यांच्या रक्तातूनच मिळते.

आणि शिस्त एका क्षणी सुटली म्हणजे काय होते, याचाही दाखला आहे. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांस ही लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेले होते. दोष परळच्या माथी आला व हाफकिन यांस पद गमवावे लागले. पुढे पुराव्यात निघाले, की बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. बाटलीवर क्रमांक नसता तर एकोणीस मृत्यू एका बाटलीशी कधीच जोडता आले नसते. चिमटा स्वच्छ आहे की नाही हे दाखविणारी खूण मात्र त्यावर नव्हती, आणि तेवढ्याने घात केला.

माझ्या गोठ्यात मी आता पुढील व्यवस्था केली आहे. विषारी औषधे गोठ्याबाहेर, कुलपाच्या पेटीत, त्यांच्या मूळ डब्यांतच असतात. उरलेले दुसऱ्या बाटलीत ओतावयाचे नाही. जनावरांची औषधे वेगळ्या, हिरव्या रंगाच्या फळीवर, नाव व मुदत लिहिलेली. विळा, दावे, घमेले यांच्या जागा भिंतीवर चुन्याने आखल्या आहेत. ढेपेच्या पिंपास खालची रेघ आहे. प्रत्येक जनावराच्या खुंट्यावर पाटी आहे. तीवर लसीची व गाभण राहिल्याची तारीख लिहितो. आजारी जनावराच्या खुंट्यास तांबडी चिंधी बांधतो, म्हणजे त्याचे पाणी व गव्हाण वेगळी ठेवावयाची हे गड्यास सांगावे लागत नाही. या सगळ्यास दोनशे रुपयेही लागले नाहीत.

एक इशारा मात्र देणे अवश्य आहे. पाटी लावली म्हणजे काम संपले असे नव्हे. जनावर हलले आणि पाटी जागीच राहिली, तर पाटी नसण्यापेक्षा ते वाईट. कारण माणूस चुकीच्या पाटीवर विश्वास ठेवतो. म्हणून पाच अंगांपैकी शेवटचे, अंगवळणी पाडण्याचे अंगच सर्वांत कठीण. मी दर अमावास्येस गड्याला बरोबर घेऊन सर्व फळ्या व पाट्या तपासतो, आणि पहिली चूक काढण्याचा मान त्यालाच देतो. दोन वेळा त्याने माझीच चूक काढली.

वाचकांनी आज संध्याकाळी बॅटरी घेऊन आपल्या गोठ्यातील फळी एकदा पाहावी. तीवरील प्रत्येक बाटलीत काय आहे, हे घरातल्या दुसऱ्या माणसास अंधारात सांगता येईल काय? येत नसेल, तर उद्याची वाट पाहू नये. मी पाहिली होती.