चाळीस टक्के आणि घरच्यांची साक्ष

हात-पाय शाबूत, बोलणे स्वच्छ, अंगावर नीटनेटके कपडे. असे माणूस दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत बसलेले दिसले की शेजारचा विचारतोच, “तुम्हाला काय झालंय?” आपल्या घरांत ज्याला घबराहट म्हणतात, त्या तीव्र चिंताविकाराची पहिली अडचण हीच. तो दिसत नाही. छाती धडधडते, श्वास कोंडतो, आत्ताच्या आत्ता काहीतरी भयंकर होणार असे वाटते. मग ती वेळ पुन्हा येईल या धास्तीनेच माणूस बाजार, लग्नघर, बस, बँक अशी एकेक गोष्ट सोडत जातो. काही वर्षांनी त्याचे जग घराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबते.

अशा आजारातही दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना एकदा नकार आला की ‘नशिबात नव्हते’ म्हणून कागद पेटीत जातो. या नकाराला लेखी आव्हान देता येते आणि ते देताना सर्वांत मोठा पुरावा घरातच असतो, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या आपाला, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीला, अकरा वर्षांपासून हा त्रास आहे. शाळेत शिकवत होती. नोकरी सुटली, पुढे घरी घेतलेल्या शिकवण्याही सुटल्या. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे चालू आहेत. त्यांनीच प्रमाणपत्रासाठी अर्ज करा असे सुचवले. ऑनलाइन अर्ज झाला, तारीख मिळाली. तपासणीच्या खोलीच्या दाराशी आम्हाला सांगण्यात आले, “नातेवाईक बाहेर थांबा.” आत विचारले गेले: आंघोळ स्वतः करता का? स्वयंपाक येतो का? लिहिता-वाचता येते का? आपा अनोळखी माणसासमोर गांगरली की लवकर सुटका व्हावी म्हणून सगळ्याला हो म्हणते. सहा-सात मिनिटांत बाहेर आली, घामाने चिंब. काही दिवसांनी कागद आला. त्यावर तीस टक्के.

तीस आणि चाळीस यांत फार अंतर वाटत नाही, पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सारे काही चाळीसवर अडलेले आहे. बहुतेक योजना, सवलती आणि आरक्षण किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना अनुदान मिळते. २०२५ मध्ये ते दरमहा २,५०० रुपये झाले. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात मानसिक आजाराचाही वाटा आहे. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला घरातल्या दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. एसटीच्या भाड्यातही सवलत आहे. (आपा एसटीत चढू शकत नाही, हा भाग वेगळा.) महिन्याची औषधे आणि तपासणीची फी धरली तर एखाद्या घराला अनुदानाची रक्कम किती लागते, ते त्या घरालाच माहीत.

‘घबराहट यात बसत नाही’ असेही उत्तर कधी कधी कानावर येते. कायदा वाचला तर त्यात मानसिक आजारांची नावनिशीवार यादीच नाही. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांत एवढा मोठा बिघाड की त्यामुळे निर्णयशक्ती, वागणूक, वास्तव ओळखण्याची कुवत किंवा रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवण्याची क्षमता फार खालावते, अशा अर्थाची व्याख्या आहे. आजाराने माणसाचे काय काय थांबले, हा कायद्याचा प्रश्न आहे. म्हणून ‘बसत नाही’ असे कोणी तोंडी सांगितले तर तेच कारण लेखी मागावे.

टक्केवारी ठरवायला ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती तयार केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, आणि आजार किती काळचा आहे याचेही गुण मिळतात. आमच्या मते यातल्या दोन बाबी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. एक, ‘काम’ म्हणजे फक्त पगाराची नोकरी नव्हे. घरकाम आणि शिक्षणही त्यात येते. ‘घरीच तर असते, तिचे काय अडले’ हे वाक्य या मोजपट्टीपुढे टिकत नाही. दुसरी बाब जास्त महत्त्वाची. गुण देताना फक्त रुग्णाला विचारून भागत नाही. सांभाळणाऱ्या माणसाकडून माहिती घ्यावी आणि उपलब्ध कागदपत्रे पाहावीत, असे या मोजपट्टीच्या सूचनांतच आहे. दाराबाहेर थांबवलेल्या नातेवाइकाचे म्हणणे हा तपासणीचाच भाग आहे.

आता घरच्यांच्या साक्षीविषयी. ज्या घरात असे माणूस असते, ते घर हळूहळू त्याच्याभोवती स्वतःला वळवून घेते. दारावरची बेल वाजली की दुसरे कोणी उठते. फोन दुसरे कोणी घेते. भाजी भाऊ आणतो, बँकेत वडील जातात, पाहुणे यायचे असतील तर दोन दिवस आधी सांगितले जाते. हे सगळे मायेने होते आणि इतके अंगवळणी पडते की त्याला कोणी मदत म्हणतही नाही. त्यात पर्दापोशी; घरातले दुखणे घरात राहावे, उद्या मुलींच्या स्थळांचा प्रश्न येईल. परिणाम असा की घर जितके चांगले सांभाळते, तितका आजार कागदावर हलका दिसतो. आपा आंघोळ स्वतः करते, हे खरे आहे. न्हाणीची कडी न लावता, बाहेर अम्मी स्टूल टाकून बसलेली असताना करते, हेही तितकेच खरे. तपासणीत पहिले वाक्य पोहोचले, दुसरे दाराबाहेर राहिले.

आव्हान देण्याचे ठरले तेव्हा अब्बांनी एक शंका काढली. “वाढवून सांगून पैसा घ्यायचा नाही.” शंका योग्य होती. मग असा नियम केला की घरातल्या कोणी डोळ्यांनी पाहिले असेल तेवढेच लिहायचे, तारखेसह, एक शब्द जास्त नाही. पण कमीही नाही. अर्धी साक्ष ही खरी साक्ष नसते, हे अब्बांनाही पटले. शंभर पानी वही आणली. तीन आठवड्यांत तिच्यात अशा नोंदी जमल्या: “मंगळवार. गॅस सिलिंडरवाला आला. आपा मागच्या खोलीत गेली, पाऊण तास बाहेर आली नाही.” “जुमा. पुरुष नमाजला, अम्मी शेजारी. पस्तीस मिनिटे एकटी. चार फोन केले.” “रविवार. खालाच्या घरी जायला तयार झाली, बुरखा घातला, जिन्यावरून परत.” एक दिवस असाही होता: “आज बरी. स्वतः बिर्याणी केली.” तोही ठेवला. चांगला दिवस गाळलेली वही कोणी खरी मानणार नाही, आणि मानूही नये.

वहीबरोबर जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि शाळेने दिलेले नोकरी सोडल्याचे पत्र तारखेच्या क्रमाने लावले. सर्वांत जुनी चिठ्ठी जपून ठेवावी. आजार किती काळचा आहे ते तिच्यावरून ठरते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्र घेताना ‘चिंताविकार आहे, औषधे चालू आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्या चार बाबींत रुग्णाला काय जमत नाही, कोणाच्या सोबतीने जमते, हे त्यांनी लिहिले तरच पत्राचा उपयोग.

कायद्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्र देणाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आपल्या जिल्ह्यात हा प्राधिकारी कोण, हे प्रमाणपत्र दिलेल्या रुग्णालयातूनच लेखी विचारावे आणि वेळ दवडू नये. त्याच वेळी मूल्यांकनाच्या कागदाची प्रत मागावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आम्हाला प्रत मिळाली. ‘स्वतःची काळजी’ शून्य, ‘काम’ एक, आणि नातेवाइकांकडून मिळालेल्या माहितीची जागा कोरी. अपील अर्जातला मुख्य मुद्दा त्या कोऱ्या जागेनेच दिला. अर्ज दीड पानाचा होता. त्यात राग नव्हता, कोणा डॉक्टरांवर आरोप नव्हता. कोणत्या बाबीत किती गुण दिले, वहीत काय आहे, आणि फेरतपासणीत घरच्यांना ऐकावे, एवढेच. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली.

अर्ज लिहिणे जमत नसेल तर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मानसिक आजार असलेल्या किंवा दिव्यांग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला तेथे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे, तिकडेही तक्रार करता येते. आयुक्त प्रामुख्याने शिफारस करतात, हे ध्यानात ठेवून अपेक्षा ठेवावी.

सोबतीशिवाय बाहेर पडता न येणे ही अडचण मोजायची की नाही, हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांची माणसे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तिथे ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नावाचा भत्ता आहे. २०१७ च्या मार्चमध्ये सरकारने नियम बदलला: मानसिक त्रासामुळे एकट्याने प्रवास करता येत नसेल, तर त्याचे पूर्वीइतके गुण मिळणार नाहीत. एका महिलेने नाव जाहीर न करता त्याला आव्हान दिले. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो बदल भेदभावाचा ठरवला. पुढच्याच महिन्यात सरकारने वरच्या न्यायालयात न जाण्याचे ठरवून सुमारे सोळा लाख प्रकरणे पुन्हा पाहण्याची घोषणा केली.

या सगळ्यात आजारी माणसाचे काय? आव्हान म्हणजे पत्रे, तारखा, अनोळखी चेहरे, म्हणजे नेमके ज्याची धास्ती तेच. आपाने पहिल्यांदा साफ नाही म्हटले. दोन महिने विषय काढला नाही. मग तिनेच विचारले, “मला किती वेळा जावं लागेल?” एकदाच, असे उत्तर दिले आणि ते पाळले. बाकी सर्व खेटे तिच्या सहीच्या अधिकारपत्रावर आम्ही घातले. कचेरीची पाकिटे आम्ही फोडायची, काय आले ते तिला संध्याकाळी चहानंतर सांगायचे, असे तिनेच ठरवले. अर्ज तिच्या नावाचा आहे, तेव्हा तिच्या मर्जीविना एकही कागद पुढे गेला नाही. तारखेच्या आधी रुग्णालयाला पत्र देऊन दोन गोष्टी मागितल्या: सकाळचा पहिला नंबर, आणि एका नातेवाइकाला आत सोबत. कायद्यात अशा वाजवी सोयीची तरतूद आहे. दोन्ही मिळाल्या.

नातेवाइकांत कोणी म्हणाले, “नमाज-दुआ वाढवा, सरकारी कागद कशाला?” दुआ घरात कधी थांबलीच नव्हती. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे आणि ती घेणाऱ्याचे ईमान कोणी मोजत नाही. मनाच्या आजाराला वेगळा न्याय का, असे अम्मीने विचारले तेव्हा विषय तिथेच थांबला. ज्यांना रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटते, त्यांच्यासाठी टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आपाने तो क्रमांक अम्मीच्या मोबाइलमध्ये साठवून घेतला.

फेरतपासणी पंचवीस मिनिटे चालली. डॉक्टरांनी वहीची पाने उलटली, बिर्याणीच्या नोंदीवर थांबले आणि अम्मीला विचारले, “त्या दिवशी सामान कोणी आणलं?” अम्मी म्हणाली, “मुलाने. ती जिना उतरत नाही, साहेब.” नव्या प्रमाणपत्रावर पंचेचाळीस टक्के आहेत. मुदत दोन वर्षांची, त्यानंतर पुन्हा तपासणी. अनुदानाचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसील कचेरीत दिला आहे, त्याचा निकाल अजून यायचा आहे. पहिली वही भरत आली म्हणून आपाने दुसरी मागवली. हल्ली काही नोंदी ती स्वतःच्या अक्षरात करते.