समोरचा माणूस : सुधीर पटवर्धन यांच्या चित्रसाधनेचा मागोवा

चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचा मागोवा घेताना त्याच्या शैलीतील स्थित्यंतरांची जंत्री करावी, हा आपल्याकडचा रूढ प्रघात आहे; परंतु डॉ. सुधीर पटवर्धन यांच्या बाबतीत ती जंत्री पुरी पडत नाही, कारण गेली पाच दशके त्यांनी शैलीपेक्षा एका नैतिक प्रश्नाचा पाठपुरावा अधिक निष्ठेने केला आहे. समोरून जाणाऱ्या अनोळखी कष्टकरी माणसाकडे आपण कोणत्या अधिकाराने पाहतो, आणि त्याला चित्रात आणताना त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहतो, हा तो प्रश्न होय.

पटवर्धनांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते मुंबईस आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. कोणत्याही कलाशाळेच्या दफ्तरात विद्यार्थी म्हणून त्यांची नोंद नाही. चित्रविद्या त्यांनी स्वाध्यायाने संपादन केली. दिवसा प्रकाशपेटीवर देहाचे अंतर्गत छायारूप वाचावयाचे आणि उरलेल्या वेळात त्याच देहाचे वजन, त्याचा थकवा, त्याच्या खांद्यांचा झुकाव रंगांत पकडावयाचा, असा हा दुहेरी क्रम होता. त्यांच्या मनुष्याकृतींना जे घनत्व आहे, देहाविषयी जी निर्व्याज, भावविवशतेपासून अलिप्त अशी आस्था आहे, तिचा उगम या दीर्घ व्यवसायात शोधणे मला सयुक्तिक वाटते.

आरंभीच्या कालखंडात मार्क्सवादी विचारांचा प्रभाव त्यांच्यावर होता, आणि सेझान व लेजे यांच्या चित्रांतील भरीव, बांधीव आकारांचा अभ्यासही त्यांनी केला होता. १९७७ चे ‘इराणी रेस्टॉरंट’ किंवा १९८० चे ‘ट्रेन’ ही चित्रे पाहिली म्हणजे या दोन संस्कारांचा मिलाफ ध्यानात येतो. रोज ज्यांच्या शेजारी बसून आपण प्रवास करतो, परंतु ज्यांचा चेहरा उतरल्यावर आठवत नाही, ती माणसे येथे कोणत्याही घोषणेविना, केवळ आपल्या देहाच्या अस्तित्वाने, चित्राची पूर्ण मालकी घेऊन बसलेली दिसतात. १९७९ साली दिल्लीत, इब्राहिम अल्काझी यांच्या आर्ट हेरिटेज या कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. पुढे १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई व दिल्ली येथे झाले, तेव्हा भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधुरी यांच्या जोडीने पटवर्धनही त्यात होते. अमूर्त चित्रकलेचा दबदबा असलेल्या काळात मनुष्याकृतीला आणि तिच्या हकीकतीला चित्रात पुन्हा हक्काची जागा मिळवून देण्याचा तो सामुदायिक प्रयत्न होता, म्हणून भारतीय कलेतिहासात त्याचा निर्देश वारंवार येतो.

त्यानंतर लवकरच, १९८२ च्या जानेवारीत, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला, आणि ज्या श्रमिकाच्या सामर्थ्यावर एका पिढीने भविष्याची भिस्त ठेवली होती, तो श्रमिकच विस्कटत जाताना शहराने पाहिला. पटवर्धनांच्या चित्रांतही याच दशकात एक महत्त्वाचा बदल घडला. एकट्या, भव्य देहाकृतीच्या जागी वस्त्या आल्या, नाले आले, डोंगरउतारावरची अर्धवट बांधकामे आली. १९८४ चे ‘टाउन’, १९८५ चे ‘नाला’ आणि पुढे ठाण्याच्या पोखरण परिसरावरील चित्र यांत माणूस लहान झाला आहे, परंतु क्षुद्र झालेला नाही. त्याच्याभोवती पसरलेली भूमी त्याच्याइतकीच बोलकी झाली आहे, एवढेच. चित्रकार येथे दोन पावले मागे सरला, आणि त्या मागे सरण्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे, कारण दुसऱ्याच्या दुःखाचे मुखत्यारपत्र आपल्याला कोणी दिलेले नाही याची जाणीव त्यास झालेली दिसते.

मौजे विचुंबे, तालुका पनवेल येथे राहून ही चित्रे न्याहाळणाऱ्या माझ्यासारख्यास त्यांचा अर्थ अधिक निकटचा वाटतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने पनवेल तालुक्याचे रूप पालटले. गाढी नदीच्या काठचे आमचे गाव २०१३ नंतर नवी मुंबई विमानतळ प्रभाव क्षेत्राच्या, म्हणजे ‘नैना’च्या, हद्दीत आले, आणि भाताच्या खाचरांच्या बांधाला लागून इमारतींचे सांगाडे उभे राहू लागले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर या स्थित्यंतराचा तपशील खातेदार, क्षेत्र आणि फेरफार एवढ्याच स्वरूपात उतरतो. पण त्या इमारतींवर विटा वाहणारा, संध्याकाळी नदीवरच्या पुलाच्या कठड्याशी क्षणभर थांबणारा परगावचा मजूर कोणत्याच सरकारी कागदात सापडत नाही. शहराच्या अशा सीमारेषेवरील जीवनाची नोंद ठेवण्याचे काम पटवर्धनांच्या कुंचल्याने केले आहे, आणि ती नोंद ठाण्याची असली तरी तिच्यात आमचा मजकूर आम्हाला वाचता येतो.

१९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनी त्यांच्या कलेपुढे सर्वांत कठीण प्रसंग उभा केला. ज्या जनसमूहाला त्यांनी आदराने रंगविले होते, तोच जमाव होऊन एखाद्याच्या अंगावर धावून जाऊ शकतो, हे सत्य त्यांनी १९९६ च्या ‘रायट’ या चित्रात पत्करले. आपल्या आयुष्यभराच्या श्रद्धाविषयाविरुद्ध साक्ष देण्याचे हे धैर्य मला त्यांच्या समग्र कार्यातील सर्वोच्च बिंदू वाटते. त्या कडवटपणात ते थांबले नाहीत. २००१ च्या ‘लोअर परळ’ मध्ये मावळता गिरणगाव आणि त्याच्या उरावर चढणारे नवे नगर ही दोन्ही एकाच विस्तीर्ण पटावर आली, आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ या सात फलकांच्या चित्रमालिकेत त्यांनी मुंबईच्या दीर्घ वाटचालीचाच आढावा घेतला. तैलरंगाकडून अ‍ॅक्रिलिककडे झालेला प्रवास आणि त्याबरोबर अखंड चाललेली रेखाटने हा या काळातील साधनांचा भाग. परंतु साधन बदलले तरी दृष्टी त्याच समोरच्या माणसावर खिळलेली राहिली. उत्तरकाळात ती घराच्या आत वळली आणि कुटुंब, वार्धक्य व चित्रकाराचे स्वतःचे रूप यांचीही तिने तितकीच कठोर तपासणी केली.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांच्या संयोजनाखाली ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा ही सारी वाटचाल एकत्र पाहण्याची संधी रसिकांना लाभली. तथापि त्याहून मोलाचे मी त्यांचे दुसरे एक कार्य मानतो. २००८-०९ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन भारतीय चित्रकारांच्या मूळ कलाकृती घेऊन त्यांनी मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील शहरांत फिरते प्रदर्शन नेले, सामान्य प्रेक्षकाला मूळ चित्रासमोर उभे केले आणि चित्र पाहण्याचा अधिकार महानगराच्या मक्त्यातून सोडविण्याचा प्रयत्न केला. ज्याला चित्रात जागा दिली, त्याला चित्रासमोरही जागा असली पाहिजे, हे तत्त्व या उपक्रमामागे आहे आणि ते त्यांच्या समग्र कलेशी सुसंगत आहे.

ते तत्त्व मान्य केले, तर त्याची पुढची जबाबदारी आपल्यावर येते. पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, गावोगाव ग्रामपंचायतींची सभागृहे आणि शाळांचे वर्ग आहेत. यांतील एखादी भिंत वर्षातून काही दिवस चांगल्या चित्रांना मिळावी आणि बांधकामावरून परतणाऱ्या माणसाला तेथे बिनदिक्कत शिरता यावे, एवढी तजवीज अवघड नाही. पटवर्धनांनी पन्नास वर्षे ज्याच्याकडे टक लावून पाहिले, त्याने आता आपले चित्र पाहावे आणि ते खरे उतरले की नाही, याचा निवाडा त्यानेच करावा.